‘माहिर’ आणि ‘माहेर’ : आयरिश भाषेतील मातृशब्द

आयरिश भाषेत आईला जो शब्द आहे तो कानी पडला असता मराठी माणसाला ‘माहेर’ ह्या शब्दाचा भास होतो. आरंभी म्, मग दीर्घ आ, त्यानंतर हलका ह्, एक ओझरता स्वर आणि शेवटी किंचित तालव्य छटेचा र् असा त्याचा उच्चार आहे. देवनागरीत तो ‘माहिर’ असा लिहिला तर मूळ उच्चाराच्या पुष्कळ जवळ जाता येते. अर्थही फार दूरचा नाही: एकीकडे आई, दुसरीकडे आईचे घर. असे साम्य दिसताच हर्षभरित होऊन दोन्ही शब्दांची एक वंशावळ मांडणारे व्युत्पत्तिकार प्रत्येक भाषेत होऊन गेले आहेत. परंतु हाच ‘माहिर’ अरबी भाषेतही आहे. तो उर्दूच्या द्वारे भारतीय भाषांत रूढ झाला असून तेथे त्याचा अर्थ निष्णात किंवा तरबेज असा होतो. ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर अरबी शब्द मराठी शब्दापेक्षा आयरिश शब्दाला अधिक जवळचा आहे. तरीही त्यांचे परस्परांशी काडीचेही नाते नाही. मराठी ‘माहेर’चे मात्र आयरिश ‘माहिर’शी नाते आहे, पण ते अर्ध्याच शब्दापुरते, आणि ज्या अर्ध्या भागामुळे तो भास होतो नेमका तो अर्धा नात्याचा नव्हे.

हे विधान समजून घ्यावयाचे तर शब्दाच्या मध्यभागापासून सुरुवात केली पाहिजे. आयरिश लेखनात तेथे ‘ह्’चे अक्षर एकटे नसून ‘त्’च्या अक्षराला जोडून येते. उच्चारात त्-चा मागमूस नाही, लेखनात मात्र तो ठाण मांडून बसला आहे. सातव्या ते नवव्या शतकांतील जुन्या आयरिशमध्ये हा शब्द ‘माथिर’ असा होता. हा थ् संस्कृतातील महाप्राण थ् नव्हे. जिभेचे टोक दातांशी नेऊन वाऱ्याला फट ठेवली असता जो घर्षक ध्वनी निघतो, तो हा होय. त्याहून मागे गेल्यास, सर्व केल्टिक भाषांच्या समान पूर्वावस्थेत, ‘मातीर्’ असे रूप मानावे लागते. दक्षिण फ्रान्समध्ये लार्झाक येथे १९८३ साली शिशाच्या पत्र्यावर कोरलेला एक गॉलिश भाषेतील लेख सापडला. त्यात ‘मातिर’ हा शब्द आणि त्याच्या जोडीला ‘दुहितृ’ ह्या शब्दाचा सख्खा भाऊबंद असा ‘दुख्तिर’ हा शब्द, स्त्रियांच्या नावांबरोबर, प्रत्यक्ष लिहिलेले आहेत. म्हणजे ‘मातीर्’ हे केवळ अभ्यासकांनी रचलेले रूप नव्हे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला त् आयरिशमध्ये प्रथम घर्षक झाला आणि पुढे बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास त्याचा निव्वळ ह् उरला. पश्चिमेकडील कोनाख्त प्रांताच्या बोलीत तर तो ह्-ही लोपला असून तेथे ‘मार’ इतकेच ऐकू येते.

मराठीच्या अभ्यासकाला ह्या प्रक्रियेत नवल वाटण्याचे कारण नाही. दोन स्वरांमधील त् शौरसेनीत मृदू होऊन द् झाला आणि महाराष्ट्रीत तो समूळ गेला. ‘माता’चे ‘माआ’ आणि तिचीच पुढे ‘माय’ झाली. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात ह्या लोपाचे सूत्रच आहे. एकाच शब्दातील एकाच ठिकाणचा एकच वर्ण दोन दूरच्या भाषांत, एकमेकींचा वाराही न लागता, झिजून गेला. आयरिशमध्ये त्याची खूण म्हणून ह् राहिला, मराठीत तेवढीही राहिली नाही. मग ‘माहेर’मधील ह् कोठून आला? तो ‘मातृगृह’ ह्या समासातील ‘गृह’चा आहे. ‘मातृगृह’चे प्राकृतात ‘माइहर’ झाले व त्याचे ‘माहेर’. तेव्हा आयरिश शब्दातला ह् म्हणजे आईचा त् आहे, मराठी शब्दातला ह् म्हणजे घराचे अवशेष आहेत. दोहोंतील ‘मा’ मात्र खरोखरच एक. (हिंदीभाषी मुलुखात ह्याच घराला ‘पीहर’, म्हणजे पित्याचे घर, म्हणतात, आणि ‘मायका’ही म्हणतात; मराठीने ते पूर्णपणे आईच्या नावे करून दिले आहे.)

कानाला जाणवणाऱ्या साम्यावर विसंबण्याचे दुष्परिणाम आयर्लंडने पुष्कळ सोसले आहेत. अठराव्या शतकात तेथे चार्ल्स व्हॅलन्सी ह्या लष्करी अभियंत्याने आयरिश भाषेची सांगड प्राचीन कार्थेजच्या भाषेशी घातली आणि पुढे पूर्वेकडील अनेक भाषांशीही घातली. त्याचा १७७२ सालचा निबंध आज केवळ कुतूहल म्हणून वाचला जातो. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या सुप्रसिद्ध भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाबद्दल ठाम विधान केले. केल्टिकचा उल्लेख त्यांनी केला खरा, पण काहीसा हात राखून. तो संकोच समजण्यासारखा होता. ज्या भाषेतील शब्द आपले पहिले अक्षरच वेळोवेळी बदलतात, त्या भाषेची तुलना कशाशी करावयाची? हा गुंता प्रथम बॉप यांनी १८३८ साली बर्लिनच्या अकादमीपुढे उलगडला आणि १८५३ मध्ये त्सॉइस यांचे केल्टिक व्याकरण प्रसिद्ध झाल्यावर सगळा विषय पक्क्या पायावर आला. त्सॉइस यांचे साधन मोठे विलक्षण होते. आयरिश भिक्षूंनी युरोपातील मठांत लॅटिन ग्रंथांच्या समासांत व ओळींच्या मधल्या जागेत आपल्या भाषेत ज्या बारीक टीपा लिहून ठेवल्या होत्या, त्यांतून त्यांनी हे व्याकरण उभे केले.

ह्या इतिहासाचा एक धागा भारतातूनही जातो. डब्लिनमध्ये १८३० साली जन्मलेले व्हिटली स्टोक्स हे १८६२ पासून वीस वर्षे भारतात सरकारी कायदेपंडित होते. दिवसा कायद्यांचे मसुदे आणि फावल्या वेळात जुनी आयरिश, असा त्यांचा क्रम होता. कॅशेलचा राजा व बिशप कॉर्मक, ज्याचा मृत्यू ९०८ साली झाला, त्याच्या नावावर चालत आलेला आयरिश शब्दकोश स्टोक्स यांनी संपादित केला, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८६८ साली कलकत्त्यात छापला गेला. यास्काच्या निरुक्ताशी परिचय असलेल्या वाचकाला हा कोश ओळखीचा वाटेल. कारण शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात अर्थ शोधण्याची तीच हौस येथेही आहे. कोशात ‘अनु’ ह्या देवीला आयरिश देवांची माता म्हटले आहे. केरी परगण्यातील दोन जुळ्या टेकड्या आजही तिचे स्तन म्हणून ओळखल्या जातात. गंमत अशी की ही मातृत्वाची पदवी कोशकाराने आयरिशमध्ये न देता लॅटिनमध्ये दिली आहे. मठात शिकलेल्या पंडिताला देवांच्या आईविषयी लिहिताना घरचा शब्द सुचला नाही, की त्याने तो मुद्दाम टाळला, हे ज्याने त्याने ठरवावे.

नात्याचा खरा पुरावा ध्वनिसाम्यात नसून रूपावलीत असतो. ‘माहिर’ हे कर्त्याचे रूप. षष्ठीचे रूप ‘माहर’. वरकरणी फरक एवढाच की शेवटचा तालव्य र् षष्ठीत साधा झाला. परंतु आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची अशी दोन रूपे असतात, आणि त्यांपैकी कोणते कोठे येते ह्यात लोपलेल्या स्वरांची आठवण साठवलेली असते. मराठीत ‘पैसा’चे ‘पैशाला’ व ‘मासा’चे ‘माशाला’ होते, तेव्हा स्-चा श् होण्यास जो य्-कार कारणीभूत झाला तो आज कोठेही दिसत नाही. त्याचा रंग मात्र व्यंजनावर राहून गेला आहे. आयरिश र्-ची गोष्ट अशीच आहे. कर्त्याच्या रूपात ‘मातीर्’मधल्या ई-ने त्याला तालव्य केले. षष्ठीचे प्राचीन रूप ‘मात्रोस्’ होते. तेथे तालव्य स्वर नव्हता, म्हणून र् साधा राहिला. शेवटचे अक्षर गळून गेल्यावर ‘माथ्र्’ असा उच्चारास अवघड शेष उरला आणि जिभेच्या सोयीसाठी मध्ये एक अ घातला गेला. ‘माथर’ व आजचे ‘माहर’ ही रूपे त्यातून निघाली.

येथे संस्कृत जाणणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. ‘माहर’ पाहताच त्याला ‘मातरम्’ आठवते. परंतु ‘मातरम्’मधील त् आणि र् यांच्या मधला अ जुना आहे, ‘माहर’मधला मागाहून आलेला. ‘माहर’चा खरा जोडीदार ‘मात्रा’, ‘मात्रे’ ह्या तृतीया-चतुर्थीच्या रूपांत आहे. तेथे त्-ला र् थेट भिडलेला असतो. मातर् व मात्र् असे एकाच प्रकृतीचे सबळ आणि दुर्बळ असे दोन अवतार आणि कोणत्या विभक्तीत कोणता यावा ह्याचा ठरलेला नियम, ही गोष्ट दोन भाषांनी एकमेकींपासून उसनी घेण्यासारखी नाही. शब्द उसना घेता येतो; शब्दाने कोठे कृश व्हावे आणि कोठे पुष्ट राहावे, हे उसने घेता येत नाही. ग्रीक व लॅटिनमध्येही षष्ठीत हीच कृशता आढळते.

अनेकवचनाने मात्र घराणे सोडले आहे. जुन्या आयरिशमधील ‘माथिर’ (एकवचनाहून हे केवळ वर्णरंगाने व लेखनाने वेगळे होते) पुढे अपुरे वाटू लागले. नगरवाचक ‘कहिर’ किंवा सर्पवाचक ‘नहिर’ अशा शब्दांचे अनेकवचन एका ख्-युक्त प्रत्ययाने होत असे. त्यांच्या प्रकृतीत तो वर्ण मुळातच होता, आईच्या शब्दात तो कधीच नव्हता. केवळ शेवट सारखा वाजतो एवढ्या नात्याने तो प्रत्यय येथे येऊन चिकटला आणि ‘माह्र्यखा’ हे आजचे रूप झाले. वडिलांसाठी असलेल्या ‘अहिर’ ह्या शब्दाचेही तेच झाले. ‘अहिर’ म्हणजे ‘पितृ’च. केल्टिक भाषांनी प् वर्णच टाकून दिल्यामुळे तो असा मस्तकहीन दिसतो आणि त्यामुळेच आयरिशमध्ये आई व वडील यांचे यमक जुळते.

विभक्तींपैकी चतुर्थीच्या अनेकवचनाचे जुने रूप विशेष पाहण्यासारखे आहे. जुन्या आयरिशमध्ये ते ‘माथ्रिव’ असे होते. शेवटच्या व्-चे लेखन ब्-च्या अक्षराने होई. फ्रान्समधील नीम येथे ग्रीक लिपीत कोरलेल्या गॉलिश शिलालेखात ‘मात्रेबो’ हे रूप आढळते. नीमच्या मातृदेवतांना केलेल्या अर्पणाचा तो लेख आहे. लॅटिनमध्ये ‘मात्रिबुस्’, संस्कृतात ‘मातृभ्यः’. मातांना उद्देशून अर्पण करावयाचे ते ह्याच प्रत्ययाने, मग ते रोन नदीच्या खोऱ्यात असो की ‘मातृभ्यो नमः’ म्हणणाऱ्या भारतात. गॉलमधील ह्या मातृसमूहांच्या मूर्ती पाहून वेरूळच्या सप्तमातृका आठवणे स्वाभाविक आहे. पण तेथे थांबणे बरे. प्रत्यय एका वंशाचे आहेत हे सिद्ध करता येते. देवता एका वंशाच्या आहेत हे प्रत्ययावरून सिद्ध होत नाही. नीमच्या कारागिराने चतुर्थी योग्य वापरली, इतकेच तो दगड निर्विवादपणे सांगतो.

आता शब्दाच्या आरंभाकडे वळावे. बॉप यांच्यापूर्वीच्या विद्वानांना चकवणारी गोष्ट येथे आहे. ‘माझी आई’ म्हणताना आयरिश माणूस ‘मो माहिर’ म्हणत नाही, ‘मो वाहिर’ म्हणतो. ‘ती आई’ म्हणजे ‘अन् वाहिर’. हाक मारताना ‘अ वाहिर’. म्-चा व् का होतो? मराठीने ह्याच वाटेने ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ केले आहे. दोन स्वरांमध्ये आलेला म् ओठ सैल पडून सानुनासिक व् झाला. ते नासिक्य १९६२ च्या लेखननियमांपर्यंत ‘गांव’, ‘नांव’ अशा अनुस्वाराच्या रूपाने टिकून होते. आयरिशमध्येही हा व् प्रथम सानुनासिकच होता. फरक एवढाच की मराठीने ही क्रिया शब्दाच्या पोटात केली, आयरिशने ती दोन शब्दांच्या सांध्यावरही केली. ‘माझा’ ह्या अर्थाचा ‘मो’ स्वरान्त. त्याच्या पाठोपाठ आलेला म् दोन स्वरांच्या कैचीत सापडला. पुढे शेकडो शब्दांचे अन्त्य स्वर व व्यंजने गळून गेली, पण त्यांनी पुढील शब्दावर केलेला परिणाम राहिला आणि त्याचेच व्याकरण बनले.

ह्याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे तृतीय पुरुषाचे षष्ठीवाचक सर्वनाम. आयरिशमध्ये ‘त्याचा’, ‘तिचा’ आणि ‘त्यांचा’ ह्या तिन्ही अर्थी एकच शब्द आहे: ‘अ’. केवळ तो ऐकून अर्थ कळणे अशक्य. अर्थ कळतो तो पुढच्या शब्दाच्या पहिल्या वर्णावरून. त्याची आई ‘अ वाहिर’. तिची आई ‘अ माहिर’. वडिलांच्या शब्दात तर तिन्ही भेद स्पष्ट होतात. त्याचे वडील ‘अ अहिर’, तिचे वडील ‘अ हहिर’, त्यांचे वडील ‘अ नहिर’. हा ह् कोठला आणि हा न् कोठला, हे विचारले असता उत्तर संस्कृतात मिळते. त्याचा म्हणजे ‘अस्य’, तिचा म्हणजे ‘अस्याः’, त्यांचा म्हणजे ‘एषाम्’. पहिला शब्द स्वरान्त आहे, म्हणून पुढचा म् ढिला पडून व् झाला. दुसऱ्याच्या शेवटी मूळचा स् होता. त्याने पुढील म्-ला धक्का लागू दिला नाही, आणि स्वर आला तेव्हा स्वतःच झिजून ह्-च्या रूपाने त्याला चिकटला. संस्कृतात त्याच स्-चा विसर्ग झाला. तिसऱ्याच्या शेवटी नासिक्य होते, ते ‘नहिर’च्या न्-मध्ये उतरले. तिन्ही सर्वनामे झिजून एकसारखी झाली. त्यांची अन्त्याक्षरे मात्र पुढील शब्दाच्या उंबऱ्यावर उभी राहिली. आईच्या शब्दात म् असल्यामुळे नासिक्याचा परिणाम दिसत नाही, म्हणून ‘तिची आई’ आणि ‘त्यांची आई’ आयरिशमध्ये एकच ठरतात, ‘त्याची आई’ तेवढी वेगळी. उपपदाचेही असेच आहे. कर्त्याच्या स्त्रीलिंगी उपपदाने म्-चा व् होतो, षष्ठीच्या ‘ना माहर’मध्ये तो अबाधित राहतो; कारण तेथे ‘तस्याः’प्रमाणे पूर्वी अन्ती स् होता. संधीचे नियम ज्यांनी पाठ केले आहेत त्यांना ही भाषा परकी वाटू नये. आयरिश म्हणजे संधी झाल्यावर संधीचे कारण पुसून टाकलेली भाषा होय.

हे सगळे रूपाविषयी झाले. परंतु हा जुना शब्द आयरिशमध्ये टिकलाच का, हा प्रश्न रूपावरून सुटत नाही. शेजारच्या वेल्श भाषेत तो टिकला नाही. तेथे आईला ‘माम’ म्हणतात; तो मुलाच्या तोंडचा शब्द. प्राचीन मातृशब्द वेल्शमध्ये ‘मोद्रिब’ ह्या शब्दात लपून राहिला आहे, आणि त्याचा अर्थ मावशी किंवा आत्या. ब्रेटन भाषेतही असेच घडले आहे. मराठी वाचकाला ह्याचे दुसरे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. घरात ‘आई’ हा निराळाच शब्द रूढ झाला, ‘माय’ ओवीत, खेड्यापाड्यांत व ‘मायबाप’सारख्या जोडशब्दांत राहिली, आणि ‘मातृ’ शब्दाची जुनी षष्ठी, ‘मातुः’, ही ‘मातुःष्वसा’च्या द्वारे ‘मावशी’च्या पोटात जाऊन बसली. आई गेली आणि मावशीने तिचे नाव सांभाळले, असे दोन्ही भाषांत झाले.

आयर्लंडमध्ये असे का झाले नाही, ह्याचा उलगडा तेथील प्राचीन कौटुंबिक रूढीत आहे. मूल दुसऱ्या कुटुंबात वाढवण्यास देण्याची चाल तेथे सर्व थरांत होती. तिचे नियम व मोबदला ठरवणारी स्वतंत्र प्रकरणे जुन्या आयरिश कायद्यांत आहेत. मुलाचे लाडाचे शब्द साहजिकच त्याला भरवणाऱ्या, निजवणाऱ्या माणसांकडे गेले. जुन्या आयरिशमध्ये ‘मुम्मे’ म्हणजे पालक-माता आणि ‘अइदे’ म्हणजे पालक-पिता. दोन्ही शब्द उघडउघड बोबड्या बोलांतून घडलेले आहेत. ‘मम्’ ह्या ध्वनीवर एरवी जन्मदात्रीचा जो हक्क असतो तो येथे यशोदेला मिळाला, आणि देवकीकडे राहिला तो भारदस्त, कुलवाचक ‘माथिर’. लाडाचा शब्द दुसऱ्या घरी गेल्यामुळेच औपचारिक शब्दाला घरात प्रतिस्पर्धी उरला नाही. आज ‘मुम्मे’चे ‘बुइमे’ होऊन त्याचा अर्थ दाई असा राहिला आहे आणि ‘अइदे’चा वंशज शिक्षक ह्या अर्थी वापरला जातो. अर्थात ‘मातृ’ शब्दही मुळात सर्वस्वी भारदस्त नव्हता. पितृ, भ्रातृ, दुहितृ यांच्या पंक्तीत बसवण्यासाठी बाळाच्या ‘मा’लाच नात्याचा प्रत्यय लावलेला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

भाऊ-बहिणींच्या शब्दांचे नशीब निराळे निघाले. ‘भ्रातृ’चा आयरिश अवतार ‘ब्राहिर’ प्रथम कोणत्याही कुळबांधवाला लागू झाला आणि मग मठवासी भिक्षूला. ‘स्वसृ’चा अवतार ‘शूर’ (मराठी कानाला हा शब्द कसा लागेल ते सांगावयास नको) जोगिणीकडे गेला. मग घरच्या भावाला व बहिणीला ओळखावे कसे? मराठीने ‘सख्खा’ हे विशेषण जोडले, आयरिशनेही ‘खरा’ ह्या अर्थाचा ‘दर्व’ जोडला आणि त्यातून भाऊ-बहिणींचे आजचे शब्द घडले. १९५८ साली आयरिश शासनाने प्रमाण व्याकरण व लेखन प्रसिद्ध केले, तेव्हा रूढ झालेल्या आटोपशीर लेखनात ह्या दोन शब्दांतील ‘खरा’ जवळजवळ दिसेनासा झाला. सख्खेपणाची ती खूण उच्चारात केव्हाच पुसली होती; डोळ्यांना ती त्यानंतर दिसेनाशी झाली. मराठी ‘गांव’वरचा अनुस्वार आणखी चारच वर्षांनी गेला. आईच्या शब्दाला मात्र ह्या सुधारणेत हात लागला नाही. पूर्वीच्या गेलिक मुद्रेत त्-वर बिंदू देत असत, रोमन मुद्रेत त्याच्या जागी ह्-चे अक्षर आले, एवढेच. आईला ‘सख्खी’ म्हणण्याची गरज कोणत्याच काळी पडली नाही. आजीला मात्र ठिकठिकाणी वेगळी विशेषणे लागली. कोठे ती ‘माहिर वोर’, म्हणजे थोरली आई. दक्षिणेत ‘माहिर ख्रीना’, म्हणजे वृद्ध व जाणती आई. आणि सर्वत्र समजणारा शब्द ‘शन्वाहिर’. त्यातील ‘शन्’ म्हणजे संस्कृत ‘सनातन’मधील ‘सन’, जुना.

१९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही राष्ट्राची पहिली राजभाषा ठरवली. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. शाळा-महाविद्यालयाबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८ होते. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत ‘माहिर’ हा शब्द आईच्या तोंडून न येता पाठ्यपुस्तकातून आलेला असतो. आणि ‘मातृभाषा’ ह्या अर्थी त्या भाषेत अधिक रूढ असलेल्या शब्दप्रयोगात ‘माता’ नसून ‘वारसा’ आहे. जेथे ती घरात अखंड बोलली जाते, त्या पश्चिम किनाऱ्यावरील वस्त्यांतही आईला हाक मारताना लहान मूल ‘माहिर’ म्हणत नाही. ते ‘ममी’ म्हणते. शेजारच्या इंग्रजीच्या सहवासाने बोबडा शब्द अखेर जन्मदात्रीकडे परतला आहे. मात्र हाकेत तो ‘ममी’ राहत नाही. संबोधनाचा ‘अ’ पुढे आला की तीन-चार वर्षांचे मूल, कोणी न शिकवता, ‘अ वमी’ असे म्हणते. शब्द उपरा असला तरी संबोधनाच्या स्वराने त्याचा म् आयरिश नियमानेच ढिला होतो. आणि ‘माहेर’ ह्या मराठी शब्दाचे आयरिशमध्ये अवयवशः भाषांतर करावयाचे झाल्यास तेथे ‘माहिर’ चालणार नाही. षष्ठी लागेल, आणि ‘मो’मुळे म्-चा व् होईल: ‘त्यख मो वाहर’, माझ्या आईचे घर.